४० आणि ३५ मिळून ४०३५?

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर 'साखर', 'रवा' अशी नावं असतात ना? जावास्क्रिप्टमध्ये 'लेट' लिहून असाच नावाचा डबा तयार करता येतो. त्याला म्हणतात व्हेरिएबल, म्हणजे चल. नाव तेच, आतला माल मात्र बदलता येतो.

आता गंमत पाहा. 'मराठी' आणि 'गणित' असे दोन डबे केले. ब्राउझरमध्ये 'प्रॉम्प्ट' वापरून गुण विचारले. आपण इंग्रजी आकड्यांत ४० आणि ३५ टाइप केले. बेरीज आली ४०३५! संगणक बिघडला? छे! 'प्रॉम्प्ट'मधून आकडे आले, तरी ते स्ट्रिंग म्हणून येतात. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. अधिकचं चिन्ह दोन माळा नुसत्या जोडून टाकतं. म्हणून आधी 'नंबर' हे फंक्शन वापरून दोन्हींच्या संख्या करायच्या. मग येतील ७५.

डब्यात काय आहे, अशी शंका आली तर 'टाइपऑफ'ला विचारा. 'स्ट्रिंग' की 'नंबर', ते लगेच सांगेल.

आणि अधिकऐवजी वजा केलं तर? संख्या न करताही ५ येतात! अक्षरांची वजाबाकी होत नाही, म्हणून जावास्क्रिप्ट गुपचूप संख्या करून घेते. तेव्हा उत्तर बरोबर आलं तरी डबा उघडून बघायचाच, बरं का!