रिकामी जमीन रिकामी कुणी केली?

कष्ट केले म्हणजे जमीन आपली झाली, हा युक्तिवाद मला आता ऐकवत नाही. ओक्लाहोमात अलाइन नावाच्या लहानशा गावाजवळ एक सॉड हाउस जपून ठेवलंय. मार्शल मॅककली नावाच्या माणसानं १८९४ मध्ये बांधलेलं, दोन खोल्यांचं. आता त्याच्यावर दुसरी इमारत उभी केलीय. घराच्या आत घर. ते पाहून परतताना आमच्या गाडीत सगळे एकच म्हणत होते: केवढं सोसलं या लोकांनी!

सोसलं, खरंच. माळावर लाकूड मिळायची मारामार. मग नांगरानं गवताळ जमिनीच्या लांब पट्ट्या सोलून काढायच्या, त्यांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. मुळांचं जाळं इतकं चिवट की तेच माती धरून ठेवतं. भिंती दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार आणि पावसात छतातून चिखल. साप, उंदीर, पिसवा फुकटचे भाडेकरू. आमच्यातल्या एकीला आजोळचं शेणानं सारवलेलं घर आठवलं. मलाही आठवलं. गडबड इथेच होते. मातीची भिंत दिसली की आपण विरघळतो, आणि माती कुणाची हे विचारायचं राहून जातं.

ही माती चेरोकी आउटलेटची, म्हणजे चेरोकी राष्ट्राची. इथली कुरणं गुरांच्या मालकांना भाड्यानं देऊन त्यांना पैसा मिळत होता. १८९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसननं ती चराईच बंद केली. उत्पन्न आटलं की विकणारा किती ताणून धरणार? सुमारे ८५ लाख डॉलरांना सौदा झाला आणि १६ सप्टेंबर १८९३ च्या भर दुपारी बंदुकीचे बार उडाले. लाखभर माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, रेल्वेतून सुटली. १६० एकरांचा तुकडा, आधी पोचेल त्याचा.

त्याच दिवशी पॉनी लोकांच्या जमिनीतला ‘जादा’ ठरवलेला भागही खुला झाला. पॉनी कोण? नेब्रास्काच्या माळावर पिढ्यान् पिढ्या मातीची घरं बांधणारे. गोल घरं, लाकडी खांबांवर पेललेली, वर मातीचा जाड थर, दार पूर्वेला. १८७० च्या दशकात त्यांना तिथून इकडे यावं लागलं, आणि वीसेक वर्षांत इथलीही जमीन गेली. माळावर मातीच्या घरात राहायची विद्या ज्यांच्याकडे केव्हाची होती, त्यांना सारून आलेल्यांना आपण ‘पायोनिअर’ म्हणतो. म्हणजे पहिले!

मित्र म्हणाला, धावणाऱ्यांतही गरीब होतेच ना, त्यांनाही छप्पर हवं होतं. मान्य. पण गरिबाला द्यायची जमीन दर वेळी दुसऱ्या दुबळ्याच्याच ताटातून का निघते? आणि व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्हा मराठी पोरांना ही गोष्ट एवढी का आवडते, तेही मला ठाऊक आहे. परक्या मुलखात आलो, राबलो, जागा मिळवली. आमचीच स्तुती की ती, फुकटात!

घर बघायला जाच. पण तिथून पूर्वेला दोनेक तास गाडी चालवली की पॉनी नावाचं गाव लागतं. पॉनी नेशनचं कार्यालय तिथे आहे, माणसं कामावर येतात. आमच्यापैकी कुणालाच तिकडे वळावंसं वाटलं नाही. सगळ्यांना भूक लागली होती.