अम्र मूसा : संविधान लिहिले, पुढे काय?

इजिप्तच्या 2014च्या संविधानातील कलम 236 ने नूबियन लोकांना एक शब्द दिला होता. आस्वानच्या मोठ्या धरणासाठी 1963-64 मध्ये सुमारे 50 हजार नूबियनांना नाईलकाठची गावे सोडावी लागली. कोम ओम्बोजवळच्या वसाहतींत त्यांचे पुनर्वसन झाले. त्यांना मूळ भागात परत आणणारे प्रकल्प दहा वर्षांत राबवावेत, असे हे कलम सांगते. ही मुदत जानेवारी 2024 मध्ये संपली. परतीचा प्रश्न मात्र तसाच आहे.

हे संविधान लिहिणाऱ्या 50 जणांच्या समितीचे अध्यक्ष होते अम्र मूसा. 1936 मध्ये कैरोत जन्मलेले मूसा कायद्याचे पदवीधर. 1958 मध्ये ते परराष्ट्र सेवेत आले. 1980च्या दशकात ते भारतात इजिप्तचे राजदूत होते. 1991 ते 2001 परराष्ट्रमंत्री आणि पुढे 2011 पर्यंत अरब लीगचे सरचिटणीस, अशी त्यांची चढती कारकीर्द. इस्रायलच्या अण्वस्त्रांवर ते उघडपणे बोलत, म्हणून सामान्य माणसात लोकप्रिय झाले. त्यांच्या नावावर कैरोत गाणेही गाजले.

पण लोकप्रियता वेगळी आणि मते वेगळी. होस्नी मुबारक यांची सत्ता 2011 मध्ये गेल्यावर मूसा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मे 2012 मध्ये त्यांना सुमारे 11 टक्के मते मिळाली आणि ते पाचवे आले. दहा वर्षे मुबारक यांच्या मंत्रिमंडळात बसलेला माणूस तहरीर चौकातल्या तरुणांना बदलाचा चेहरा वाटला नाही.

जुलै 2013 मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुर्सी यांना हटवले. त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मूसांकडे आले. मसुद्यात चांगल्या गोष्टी होत्या, हे मान्य करावेच लागेल. भेदभावाविरुद्ध कलम आले. स्थानिक परिषदांत एक चतुर्थांश जागा स्त्रियांना आणि तेवढ्याच 35 वर्षांखालील तरुणांना मिळाल्या. नूबियन लेखक हज्जाज उद्दूल समितीत होते. पण त्याच मसुद्याने काही प्रकरणांत नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालवण्याची मुभाही ठेवली.

जानेवारी 2014 च्या सार्वमतात 98 टक्के मते बाजूने पडली, पण मतदान झाले जेमतेम 39 टक्के. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने सीमेलगतची जमीन लष्करी क्षेत्र ठरली. त्यात नूबियनांची जुनी जमीनही गेली. स्थानिक परिषदा 2011 मध्ये बरखास्त झाल्या. त्यांच्या निवडणुकाच झाल्या नाहीत, मग राखीव जागा कोणाला मिळणार? आणि चार वर्षांच्या दोन कार्यकाळांची मर्यादा 2019 मध्ये दुरुस्ती करून सैल केली गेली. त्यामुळेच अब्देल फत्ताह अल-सीसी डिसेंबर 2023 मध्ये तिसऱ्यांदा निवडून येऊ शकले.

एकट्या मूसांना दोष देणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. मुत्सद्दी माणूस सर्वांना मान्य होईल अशी भाषा शोधतो. ती अंमलात आणायला निवडून आलेल्या परिषदा, स्वतंत्र न्यायालये आणि संघटित लोक लागतात. तेच नसेल तर कलम कागदावरच राहते.

विस्थापितांमध्ये काम करताना आम्ही हेच पाहतो. हक्क लिहून मिळाला म्हणजे लढाई संपत नाही, ती तिथून सुरू होते. संविधान सभेतले बाबासाहेबांचे इशारे ज्यांनी वाचले, त्यांना हे नवे नाही. नूबियनांच्या कलम 236 कडे आपण त्याच नजरेने पाहिले पाहिजे.