कोटाच्या खांद्यातली गादी काढा

एप्रिल-मे महिन्यात किनवट तालुक्यातल्या कुठल्याही लग्नाला जा. दुपारचा मुहूर्त, पारा चाळिशीच्या पार, मंडपात पंख्याचं वारंही गरम, आणि नवरदेव चमचमत्या पॉलिस्टरच्या कोटात घामाघूम. खांद्यात फोमची जाड गादी, आतून पूर्ण अस्तर, छातीवर गोंदानं चिकटवलेलं फ्यूजिंग. वरमाला घालायला हात वर केले की अख्खा कोट कानापर्यंत चढतो. आयुष्यभर जपायचे फोटो याच अवतारात निघतात. मी इस्लापुरात शिवणकाम करतो, आणि ते फोटो पाहून मला मनापासून वाईट वाटतं. कारण कडक उन्हाच्या मुलखात रुबाबदार कोट कसा शिवायचा, हा प्रश्न जगात कधीचाच सुटलेला आहे, आणि तो सोडवला तो शिंप्यांनीच.

इटलीच्या दक्षिणेला नेपल्स हे बंदर आहे. तिथं 1930च्या दशकात जेनारो रुबिनाची यांनी ‘लंडन हाउस’ नावाचं दुकान काढलं. त्या काळी चांगला कोट म्हणजे इंग्रजी कोट, असंच सगळे धरून चालत: जाड कापड, ताठ छाती, लष्करी खांदे. त्या दुकानात कापणी करणारे विन्चेन्झो आत्तोलिनी यांनी तोच कोट घेतला आणि त्यातून एकेक गोष्ट कमी करत गेले. खांद्यातली गादी गेली, अस्तर गेलं, आतून आधार देणारा कॅनव्हास हलका झाला. उरलं ते कापड आणि कापणी. वरचा खिसासुद्धा सरळ पट्टीसारखा न ठेवता होडीसारखा किंचित वळवलेला. पुढं 1970च्या दशकात मिलानच्या जॉर्जो अरमानी यांनी तयार कोटांतलं भरणही असंच काढून टाकलं आणि मऊ, अंगावर सहज पडणारा कोट जगभर नेला. 2025च्या सप्टेंबरात, वयाच्या 91व्या वर्षी ते गेले, तेव्हा बातम्यांत त्यांच्या संपत्तीचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र त्यांनी उसवलेलं अस्तर महत्त्वाचं वाटतं.

सगळी करामत आहे ती खांद्यात, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या तयार कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोठा आणि खाली उतरलेला असतो. एकाच मापात बारीक आणि जाड दोघंही बसावेत, म्हणून. मुंढा खाली असला की हात उचलताना कोटाची बाजू ओढली जाते आणि सगळा कोट वर सरकतो. नेपल्सचा कारागीर मुंढा लहान ठेवतो आणि काखेच्या अगदी जवळ नेतो. बाहीचा माथा मात्र मुंढ्यापेक्षा मोठा कापतो. ते जास्तीचं कापड बोटानं दाबत, बारीक चुण्या जिरवत, हातानं टाके घालून बसवतो. शर्टाची बाही जशी खांद्याखाली सरळ उतरते, तशीच ही उतरते. लहान मुंढ्यात मोठी बाही म्हटल्यावर नवशिक्याला ते चूकच वाटतं. पण त्या जास्तीच्या कापडातच हाताला फिरायला जागा मिळते. हात वर गेला तरी कॉलर मानेला चिकटून राहते. मशीनवर घाईत हे जमत नाही. एका खांद्याला वेळ द्यावा लागतो.

हा हात आपल्याकडे कधी नव्हताच, असं मात्र नाही. 1948पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. नांदेडचे वकील, मुन्शी, अंमलदार शेरवानी घालत. शेरवानीला उघडी कॉलर नाही, टाय नाही. झाकायला काहीच नाही, त्यामुळे गळा आणि खांदा बिनचूकच लागतो. ज्या उस्तादांकडे मी शिकलो, त्यांनी शेरवान्या शिवतच उमेदीची वर्षं घालवली होती. पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालून ते गिऱ्हाइकाला उभं करत, खडूनं खुणा करत, सगळं उसवत आणि पुन्हा जोडत. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी ट्रायलशिवाय कपडा देत नसत. मोबाइलवर नेपल्सच्या कारागिरांचे हात चालताना पाहिले तेव्हा मला परकं काहीच दिसलं नाही. बोटावर तशीच टोपी, तशीच खडूची रेघ. आपण फ्यूजिंग चिकटवायला लागलो आणि हे हात रिकामे झाले, एवढंच घडलं.

कापडाचं म्हणाल तर इटालियन लिनन आपल्या खिशाला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. राष्ट्रध्वजाची खादी देशात मोजक्याच ठिकाणी तयार होते. त्यात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि ते कापड विणलं जातं आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. जिथले विणकर तिरंग्याचं कापड विणतात, तिथल्या नवरदेवानं प्लॅस्टिकच्या धाग्याचा कोट घालावा, हे मला पटत नाही. हातमागाच्या विणीतून वारा खेळतो, घाम टिपला जातो. सुरकुत्या पडतात, पडू द्या. लिननला पडतात आणि इटलीतले लोक त्या मिरवतात. रंग राखाडी, बदामी, गडद निळा किंवा विटकरी घ्या. आपल्या सावळ्या वर्णाला हे रंग खुलून दिसतात. पँट बुटावर ढीग होऊन पडू देऊ नका. एवढं सांभाळलं तर चकाकीची गरजच लागत नाही.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना हा साहेबी थाट हवा कशाला? हे ऐकलं की मला राग येतो. 1927च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जे सांगितलं, त्यात लुगडं कसं नेसावं, अंगावरचे जुने जड दागिने का टाकून द्यावेत, हेही होतं. पेहरावावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात नीट कपडे घालणं ही चैन नसते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा सूट आपल्या प्रत्येक गावातल्या पुतळ्यावर आहे. 14 एप्रिलला आमच्याकडे पोरं निळा कोट घालून मिरवणुकीत निघतात तेव्हा त्यांची छाती किती ताठ असते, ते बघा. त्या पोरांच्या अंगावर खरा, त्यांच्याच मापाचा कोट असावा एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी शिवणारे हात टिकले पाहिजेत. इटलीत आब्रुत्सो प्रांतात पेन्ने नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. तिथले शिंपी नाझारेनो फोन्तिकोली यांनी गाएतानो साविनी यांच्या जोडीनं 1945 साली रोममध्ये ‘ब्रिओनी’ हे दुकान काढलं. पुढं कारखाना उभारला तो मात्र आपल्या पेन्नेत. जुने कारागीर थकायला लागले तेव्हा, 1985 साली, ‘ब्रिओनी’नं गावातच शिवणकामाची शाळा सुरू केली. जगातले धनाढ्य जे कोट घालतात, ते अशा गावात शिकलेली पोरं शिवतात. आमच्याकडे शिंप्याचा मुलगा पुण्याला कंपनीत कंत्राटी कामगार होतो आणि बापाची कात्री गंजते. आयटीआयमधल्या शिवणकामाच्या वर्गावर म्हाताऱ्या उस्तादांना मानधन देऊन बोलवा. कागदावर ते दहावी नापास असतील. पण बाही बसवायला तेच शिकवू शकतील. आणि खादी समितीनं कोटाच्या वजनाचं, जरा घट्ट विणीचं कापड काढावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

भाड्याचा कोट स्वस्त पडतो, हे खरं आहे. पण तो संध्याकाळी परत जातो. आम्ही शिवलेल्या कोटात शिवणीच्या आत कापड दाबून ठेवलेलं असतं. लग्नानंतर पोट सुटलं तर उसवून सैल करता येतो, आणि पुढं धाकट्या भावालाही बेतता येतो. तेव्हा तुळशीच्या लग्नाची वाट पाहत बसू नका. दिवाळीआधीच शिंप्याला गाठा, दोन ट्रायलला वेळ द्या. आणि खादी घेतलीत तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवून आणा. ती पहिल्या पाण्यात आटते, आणि आटायची तेवढी कात्री लागण्याआधी आटलेली बरी.