विमानात खिडकी कोणत्या बाजूची? बीडकरांसाठी सोपे गणित

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. त्यामुळे अनेक बीडकरांचा विमानप्रवास छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून सुरू होतो. आई-वडिलांचा पहिलाच प्रवास म्हणून खिडकीसाठी जादा पैसे मोजले जातात आणि बाहेर दिसतो तो नुसता पंख! हे टाळता येते.

बाजू कशी ठरवायची?
मुंबईचे विमान पश्चिमेकडे जाते, म्हणजे दक्षिण डावीकडे राहते. पैठणचा नाथसागर त्याच बाजूला आहे. त्याचा उजवा कालवा आपल्या माजलगाव धरणाला पाणी देतो. यंदा पाणी किती साठले, हे वरून पाहायचे तर जाताना डावी, येताना उजवी खिडकी घ्यावी. अर्थात, आकाश निरभ्र हवे.

ऊन कुठून येईल?
दिल्लीचे विमान उत्तरेकडे जाते. सकाळी ऊन उजवीकडून येते, म्हणून डावीकडे बसावे, संध्याकाळी उलट.

रांग कोणती?
तीन-तीन आसनांच्या विमानात ‘ए’ डावी खिडकी, ‘एफ’ उजवी. मधल्या रांगांत पंख आड येतो. त्याच्या पुढची रांग उत्तम. बोइंग ७३७ मध्ये एखाद्या रांगेला वातानुकूलनाच्या नळीमुळे खिडकीच नसते.

खिडकीचे पैसे घेताना बाहेर पंख आहे की आकाश, हे कंपन्यांनी आसनांच्या नकाशावर ठळक दाखवायला हवे. तोवर पैसे भरण्याआधी दिशा, वेळ आणि रांग एवढे तीनच प्रश्न विचारावेत.