मोडनिंबची बोरे व शीतगृहाचा हिशेब

माढे तालुक्यातील मोडनिंब हे गाव बोरांच्या व्यापारासाठी सुपरिचित आहे. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील कोरडवाहू जमिनींत बोरांच्या लागवडीस विशेष चालना मिळाली. परंतु माल पिकविणे निराळे व तो चांगल्या स्थितीत गिऱ्हाइकाच्या हाती देणे निराळे. एकदम आवक झाली की भाव उतरतो, आणि साध्या हवेत बोर थोड्याच दिवसांत तांबूस व मऊ पडते. म्हणून येथे प्रतवारी, बांधणी व शीतकरण यांचे केंद्र असावे, हा विचार साहजिकच पुढे येतो.

विचार चांगला आहे; पण आधी हिशेब मांडला पाहिजे. व्याज, घसारा व कायम नोकरांचे पगार मिळून वर्षाचा खर्च ३६ लक्ष रुपये धरू. बोरांच्या हंगामात ९० दिवस रोज १० टन माल आला, तर ९०० टनांवर किलोमागे ४ रुपये पडतात. आवक निम्मी झाली की तेच ८ रुपये होतात. वीज, खोकी व मजुरी यांहून निराळी. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु यंत्र रिकामे राहिले तरी व्याज थांबत नाही, हे त्यांवरून उघड होते.

तेव्हा आमच्या मते केंद्र एकट्या बोरांसाठी नसावे. बोरांमागून द्राक्षे येतात, आणि डाळिंबाचे बहार तर वर्षात तीन. मात्र द्राक्षांस मानवणारी शून्याजवळची थंडी डाळिंबास सोसत नाही. म्हणून खोल्या निराळ्या हव्यात. द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली 'महाग्रेप्स'च्या रूपाने एकत्र येऊन परदेशची बाजारपेठ गाठली, हे उदाहरण आपल्यापुढे आहेच.

आणखी असे की, थंडीने वाईट फळ चांगले होत नाही. फळमाशीने किडलेले बोर शीतगृहातूनही किडलेलेच निघणार. गार माल उघड्या मालमोटारीत भरला, तर फळांवर पाणी सुटून कूज लागते, व केलेला खर्च वाया जातो.

म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम प्रतवारीची साधी शेड उभारावी. आपण दरसाल किती माल केंद्रास देऊ, हे प्रत्येक सभासदाने लिहून द्यावे. त्या टनांची बेरीज खर्चास पुरेशी भरली, तरच शीतयंत्रासाठी कर्ज काढावे. मालाची हमी नसताना काढलेले कर्ज शेवटी सभासदांच्याच माथी बसते.