पाचशे रुपयांचं शूट

परवा काटोलहून मावसभावाचा फोन. "दादा, पीडीएफ पाठवली आहे, सही करू का?" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे घरच्यांच्या मते वकील, डॉक्टर आणि प्रिंटर दुरुस्त करणारा, सगळंच!

काम काय, तर नागपुरातल्या हॉटेलांच्या पदार्थांचे फोटो. कंपनीचं नाव राहू द्या. एका हॉटेलचे ५०० रुपये. काटोल ते नागपूर साधारण ६० किलोमीटर. बाइकने जाऊन-येऊन २५० चं पेट्रोल, अर्धा दिवस शूट, रात्री एडिटिंग. त्यापेक्षा संत्री तोडायला गेला तर जास्त सुटतील.

पण माझा राग पैशांवर नाही. नवीन पोराने सहा महिने कमी पैशांत काम केलं तर हात बसतो, ओळखी होतात. माझी पहिली नोकरीही तशीच होती. खरा घोळ पान तीनवर. कराराच्या काळात काढलेला 'प्रत्येक' फोटो कायमचा कंपनीचा, आणि करार संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कोणासाठी असं काम करायचं नाही. 'प्रत्येक' म्हणजे? मावशीच्या बगीच्यात अंबिया बहाराच्या तोडीचे फोटो हा दरवर्षी स्वतःच्या हौसेने काढतो. तेही गेले की राव!

मग शनिवारी कायदा उघडून बसलो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन, सांगून काढून घेतलेला फोटो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. मला इतकी वर्षं नेमकं उलटं वाटायचं! म्हणजे 'कागद कशाला, तोंडी ठरवू' म्हणणाऱ्या फोटोग्राफरचाच तोटा. असो, थाळीच्या फोटोचं हा काय लोणचं घालणार आहे? हौसेचे फोटो मात्र त्याचेच, ते सही केल्याशिवाय जात नाहीत. आणि दोन वर्षांची बंदी? करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे असली अट कोर्टात टिकत नाही. पण ५०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढणार कोण? कंपनीलाही हे ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, तुझा कोडही कंपनीचाच ना? हो, पण मला त्याबदल्यात पगार, पीएफ, रजा मिळते. याला बंधनं नोकराची आणि दर मजुराचा.

मावशीला हे सांगायला मी संत्र्याचं उदाहरण घेतलं. बगीचा ठोक्यात दिला की व्यापारी त्या बहाराची फळं नेतो, झाडं नाही. ती लगेच म्हणाली, "मंग हा झाडं काहून लिहून देऊन राह्यला?"

त्याला म्हटलं, 'प्रत्येक' खोडून 'कंपनीने सांगितलेले' लिही, दोन वर्षांची अट काढायला सांग, दर राहू दे. नाही म्हणाले तर सोड. रविवारी त्याने मेल टाकला, अजून उत्तर नाही. दरम्यान नरखेडच्या एका लग्नाची ऑर्डर मिळाली म्हणे. ॲडव्हान्सही घेतला.

कागद मात्र केला नाही गाढवाने!