श्वासाचा हिशेब कोणाच्या हाती?

खारघरमध्ये सूक्ष्मलहरींवर संशोधन करणाऱ्या ‘समीर’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. कर्करोगावरील किरणोपचाराचे स्वदेशी यंत्र घडविणाऱ्या या संस्थेपुढे आता नवे क्षेत्र खुले आहे.

शरीराला तार न जोडता, केवळ बिनतारी लहरींनी श्वास मोजता येतो. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर हलते. तिच्यावरून परतणाऱ्या लहरींत सूक्ष्म फरक पडतो आणि संगणक त्यावरून श्वास मोजतो. अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिले. भाजलेला रुग्ण, नवजात अर्भक, एकाकी वृद्ध यांच्यासाठी हे वरदानच ठरेल.

परंतु या लहरी भिंतीही भेदतात. घरात कोण आहे, कोण निजले आहे, हे परक्या कंपनीस उमगू शकते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या खासगीपणाच्या मूलभूत अधिकाराची येथे कसोटी आहे. यास्तव यंत्रही स्वदेशी हवे आणि नोंदीही देशातच राहावयास हव्यात.

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजविली होती. त्यांच्या आणि प्राणायामाच्या या देशाने आपल्याच श्वासाचा हिशेब परक्यांकडे मागावा, हे शोभणारे नाही.